घोड्याखालचं घर

गेल्या दसऱ्यानंतरच्या सोमवारी, दुपारी, उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका बंदुकीच्या दुकानात रघुनाथ पदू म्हात्रे, वय चौऱ्याहत्तर, राहणार बदलापूर गाव, यांनी रिव्हॉल्व्हरचं एक काडतूस परत केलं. कारण दिलं, बसत नाही. त्याआधी याच काउंटरवर त्यांनी आणखी तीन काडतुसं नाकारली होती. पहिल्याचं कारण, लांब. दुसऱ्याचं, शिळं. तिसऱ्याचं, तापट.

दुकानदार टेकचंदशेठ यांनी चौथं काडतूस डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं आणि विचारलं, "म्हात्रेसाब, कारतूस लेने आए हो या लडकी देखने?"

काकांनी प्रश्न गांभीर्याने घेतला. "मुलगी बघताना एवढं नव्हतं बघितलं, शेठ. तेव्हा माझ्याकडे वर्नियर नव्हता."

रघुकाका माझे शेजारी. मोरिवलीला एका कारखान्यात लेथ मशीनवर त्यांची नोकरी झाली. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने घड्याळ दिलं. ते त्यांनी मेहुण्याला देऊन टाकलं आणि साहेबांकडून आपला जुना वर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पोलादी सरकपट्टी, मागून घेतला. इतर लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, तिथे काका वर्नियर ठेवतात. पॅन्टच्या खिशात पिवळ्या फडक्याचा तुकडा असतो. ज्या वस्तूचं माप घ्यायचं ती आधी फडक्याने पुसायची, मग वर्नियर लावायचा. "मळासकट माप घेतलं तर मळाचं माप येतं," असं ते नव्या पोरांना शिकवत. न पुसता माप घेणाऱ्या पोराच्या हातावर ते पट्टी मारत, अशी आठवण त्यांच्या हाताखालचे दोघे जण स्वतंत्रपणे सांगतात.

गावातल्या नाक्यावर त्यांनी एकदा वडा मोजला. आधी पुसला, हे विशेष. "कालच्यापेक्षा दोन मिलिमीटर कमी आहे," त्यांनी जाहीर केलं. गाडीवाल्याने झारा खाली ठेवला. "काका, खायचाय का मशीनला लावायचाय?"

काकांचं एक वाक्य गावात सगळ्यांना पाठ आहे : "बसतंय म्हणजे चालतंय असं नाही." मूळ वाक्य लेथवरचं. भोकात दांडा बसला म्हणून तो फिरेलच असं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण काकांनी ते कारखान्याबाहेर आणलं आणि मग ते कुठेही निघू लागलं. मुलाच्या, म्हणजे महेशच्या साखरपुड्यात मुलीच्या बोटात अंगठी सहज गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "बसतेय म्हणजे चालतेय असं नाही," आणि अंगठी काढून घेऊन फडक्याने पुसू लागले. मुलीच्या मामांनी पंगतीतून उठायची तयारी केली होती. मंदाकाकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, सगळ्यांदेखत काकांच्या खिशातला वर्नियर काढून स्वतःच्या पिशवीत टाकला, तेव्हा पंगत पुढे सुरू झाली.

महेश आता शिरगावला टॉवरमध्ये राहतो. फ्लॅट बघायला काकांना नेलं होतं. त्यांनी फक्त दार मोजलं आणि विचारलं, "कपाट जाईल. पण तुम्ही सुखाने राहाल का?" बिल्डरच्या माणसाला हा प्रश्न पार्किंगबद्दल वाटला.

रिव्हॉल्व्हर त्यांच्या वडिलांचं. पदू म्हात्रे गावचे पोलीस पाटील होते. भातशेती, बैलजोडी आणि इंग्रजी बनावटीचं अडतीस बोअरचं रिव्हॉल्व्हर, एवढा त्यांचा रुबाब. त्यांनी ते आयुष्यात एकदाच झाडलं. परसात रानडुक्कर शिरलं होतं. गोळी डुकराला लागली नाही. ती अंघोळीच्या तांब्याच्या बंबाला लागली. बंब अजून काकांच्या घरी आहे. भोक खुंटी मारून बुजवलंय. खुंटी काढून काकांनी भोकाचं माप घेतलं आहे आणि विचारल्यास ते सांगतात. न विचारल्यासही सांगतात.

लायसन काकांच्या नावावर आलं तेव्हापासून आजपर्यंत त्यांनी एकही गोळी झाडलेली नाही. घरात एकही गोळी नव्हतीच. एकदा भरदुपारी चोर आला. रिव्हॉल्व्हर कपाटात, कपाटाची किल्ली काकूंच्या कमरेला, काकू बाजारात. काका खिशात होतं ते काढून ओसरीवर उभे राहिले. चकचकीत लोखंडी वस्तू आपल्याकडे रोखलेली बघून चोर कुंपणावरून उडी मारून पळाला. वर्नियरने पळवलेला चोर ठाणे जिल्ह्यात बहुधा दुसरा नसावा. ही बातमी मी माझ्या वर्तमानपत्राला दिली होती. ती छापून आली नाही.

निवडणूक आली की लायसनदारांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. लोक कंटाळतात, चालढकल करतात. काका आचारसंहितेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजर असतात. काकूंच्या जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी, तिच्यात फ्लॅनेल, फ्लॅनेलमध्ये रिव्हॉल्व्हर. "पालथं ठेवू नका. ओल असेल तिथे ठेवू नका." मग अधूनमधून ते चौकशीला जातात. मागच्या एका निवडणुकीत त्यांनी हवालदाराला विचारलं, "बरं आहे ना?" हवालदार म्हणाला, "काका, अगदी मजेत. कालपासून जेवायलाही लागलंय." काका समाधानाने परतले.

काकू रिव्हॉल्व्हरला 'सवत' म्हणायच्या. दसऱ्याला मात्र तिची पूजा त्याच करायच्या. पाटावर कोयता, विळा, शिवणयंत्राची कात्री, काकांचा वर्नियर आणि उघडलेलं रिव्हॉल्व्हर. कोयत्याला हळदकुंकू एक बोट, विळ्याला एक बोट. वर्नियरला लावलं की काका लगेच फडक्याने पुसून टाकत आणि दसऱ्याच्या दिवशीची भांडणं तिथून सुरू होत. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चरखीत गोळ्यांची सहा घरं असतात. काकू करंगळीने सहाही घरांत हळदकुंकू लावायच्या. एकदा काकांनी विचारलं, "वरून एक बोट लावलं तर नाही का चालत?"

"सहा घरां हायेत तिला. येकाला लावू नि पाचांना उपाशी ठेवू काय? आणि वर्नियर पुसलात तो पुसलात, सवतीला फडका लावायचा नाय. सांगून ठेवते."

काकांनी लावला नाही. रिव्हॉल्व्हरला ते बाहेरून मशीनचं तेल लावायचे. आत हात घालायचे नाहीत.

मंदाकाकू गेल्या वर्षी श्रावणात वारल्या. दसऱ्याची पूजा काकांनी एकट्याने केली.

दसऱ्याच्या थोडं आधीच लायसनच्या नूतनीकरणाची वेळ आली होती. कचेरीतल्या साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, "आजोबा, यात गोळी कुठली बसते?" काका म्हणाले, "बघावं लागेल." साहेब म्हणाले, "इतकी वर्षं बघितलं नाही? गोळी बसत नसेल तर हे शस्त्र नाही, लोखंड आहे. लोखंडाला लायसन कशाला? बंदूकवाल्या दुकानदाराकडून तपासून आणा, योग्य गोळ्या घेऊन दाखवा. नाही तर कायमचं जमा करून टाका." महेशनेही फोनवर तेच सांगितलं. "बाबा, देऊन टाका ना यार. आईला पण नाय आवडायचं ते."

काकांनी फोन ठेवला आणि मला हाक मारली, "पत्रकार, गाडी काढ." आम्ही माझ्या स्कूटरवरून अंबरनाथमार्गे उल्हासनगरला फेऱ्या मारू लागलो.

टेकचंदशेठच्या दुकानात अर्ध्या भागात मासेमारीचे गळ आणि जत्रेत फुगे फोडायच्या एअरगन आहेत. उरलेल्या अर्ध्यात खऱ्या बंदुका आणि शेठ. काकांएवढ्याच वयाचे, कानात केस, बोलणं सिंधी-हिंदी-मराठीचं, ज्या भाषेत भाव जास्त मिळेल त्या भाषेत.

या विषयाशी संबंध न येणाऱ्यांसाठी थोडी माहिती. रिव्हॉल्व्हर अडतीसचं म्हणजे अडतीसचं कुठलंही काडतूस चालेल, असा समज आहे. तो चुकीचा आहे. या एका आकड्यात एक काडतूस आखूड आणि जाडसर असतं, दुसरं लांब आणि सडपातळ. काकांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरला आखूड लागतं. आज बाजारात चटकन मिळतं ते लांब. शेठनी पहिल्या फेरीत तेच काढलं. सडपातळ म्हणून ते घरात गेलं, पण त्याचं टोक चरखीच्या पुढे आलं. चरखी फिरेना.

"लांब," काका म्हणाले.

दुसऱ्या फेरीतलं काडतूस आखूड होतं, पण कुठल्या जुन्या साठ्यातलं कुणास ठाऊक. पितळ हिरवं पडलेलं. अशी गोळी कधी उडते, कधी उडत नाही आणि कधी अर्धवट उडून नळीत अडकते. अडकलेल्या गोळीच्या मागून दुसरी झाडणारा माणूस मग आमच्या वर्तमानपत्रात येतो.

"शिळं," काका म्हणाले.

तिसरं ताजं होतं. वर्नियरच्या मापातही होतं. ते घरात घालायच्या आधीच शेठ खुशीत आले. "बैठ जाएगा, म्हात्रेसाब! देखो, मक्खन!"

"बसतंय म्हणजे चालतंय असं नाही." काकांनी डबी वाचली. आतली दारू आजच्या मजबूत पोलादाच्या हिशोबाने भरलेली होती. हे रिव्हॉल्व्हर देश स्वतंत्र व्हायच्या आधीचं. जुन्या लोखंडाला तो दाब सोसेलच असं नाही. चरखी फुटली तर समोरच्याच्या आधी झाडणाराच जखमी होतो.

"तापट आहे," काका म्हणाले. "मलासुद्धा डॉक्टरने तिखट बंद केलंय, शेठ. हे रिव्हॉल्व्हर तर माझ्यापेक्षा मोठं."

शेठनी कपाळावर हात मारला. पण माणूस जिद्दीचा. त्यांनी पुण्याच्या कुणा ओळखीच्या व्यापाऱ्याकडून चौथी डबी मागवली. आखूड, ताजी, सौम्य दारूची, नेमकी याच जातीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी. तिच्यात नाकारण्यासारखं काही नव्हतं. काकांनी काडतूस पुसलं, वर्नियर लावला आणि मान हलवली. मग घरात सरकवलं. ते अर्ध्यात थांबलं. दुसऱ्या घरात घातलं. तिथेही थांबलं.

"बसत नाही. माल खोटा."

"माल सौ टका खरा आहे, साईं. घर का माप लिया था?"

"घेतलं होतं. घरी. घर लहान आहे."

"कंपनी ने छोटा बनाया? सहा के सहा?" शेठनी रिव्हॉल्व्हर ओढून घेतलं, टॉर्च लावला आणि एका घरात डोळा घातला.  मग काडेपेटीतली काडी घेऊन त्यांनी आतून थोडं खरवडलं. काडीच्या टोकाला तेलकट, लालपिवळं काहीतरी आलं. त्यांनी वास घेतला.

"म्हात्रेसाब, ये तो मंदिर है."

कित्येक दसऱ्यांचं हळदकुंकू सहाही घरांच्या आतल्या बाजूला मशीनच्या तेलात मळून लाखेसारखं घट्ट झालं होतं. त्याचाच थर घरांना लहान करत होता.

शेठनी खालून पितळी ब्रश आणि रॉकेलची बाटली काढली. "दोन मिनिट का काम. मग बसेल."

काकांनी रिव्हॉल्व्हरवर हात ठेवला.

"ब्रश आत ठेवा, शेठ."

"साफ नहीं करेंगे तो बैठेगा कैसे? जमा करना पडेगा."

"माहीत आहे."

"और आप तो लेथवाले. पुसल्याबिगर माप घेतलं?"

"घेतलं," काका म्हणाले. त्यांनी रिव्हॉल्व्हर फ्लॅनेलमध्ये गुंडाळलं, पिशवीत ठेवलं आणि ते बाहेर येऊन स्कूटरजवळ उभे राहिले. सोमवारची घटना ती हीच.

आम्ही परतीची वाट धरली. अंबरनाथला चहासाठी थांबलो तेव्हा त्यांनी ग्लास मोजला नाही. मोरिवलीचा फाटा मागे पडल्यावर मागून आवाज आला. "मंदाची करंगळी बारीक होती. आत जायची." थोड्या वेळाने पुन्हा, "यंदा मी लावून बघितलं. माझी नाही जात."

मी गाडी चालवत होतो.

त्यानंतर दोन आठवडे पिशवी कपाटात होती. महेश येऊन गेला. कचेरीतून एकदा फोन आला. नाक्यावर काकांनी वड्याकडे बघितलंही नाही, तेव्हा गाडीवाल्यानेच विचारलं, "काका, आज मोठा केलाय, मोजा तरी." काका म्हणाले, "असू दे." हे वाक्य त्यांच्या तोंडून नाक्यावर यापूर्वी कुणी ऐकलेलं नव्हतं.

एका गुरुवारी सकाळी त्यांनी हाक मारली, "पत्रकार, गाडी काढ."

दुकानात शेठ गळांचे पुडे लावत होते. काकांना बघून त्यांनी कपाळावर हात मारला नाही. स्टूल पुढे केलं. काकांनी रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "शेठ, जुन्या मालात गोळ्या किती भरतात?"

शेठना प्रश्न कळला नाही. "घर सहा, तो गोळी सहा."

"नाही. नीट सांगा. जुन्या मालात."

शेठनी मागच्या घोड्यावर, गोळीवर आपटणाऱ्या खटक्यावर, बोट ठेवलं. "पुराने माल में घोडे के नीचे का घर खाली रखते हैं. घोडा गोळीवर टेकलेला, आणि हातातून पडलं, तर आपोआप उडू शकते. म्हणून समझदार आदमी पाचच भरतो."

"म्हणजे पाचच."

"पाचच."

"तसं तपासणीत लिहून द्याल?"

"सच है, तो लिखूंगा क्यों नहीं?"

काकांनी चरखी फिरवली, एका घरावर बोट ठेवलं आणि ते म्हणाले, "मग हे सोडून पाच साफ करा."

शेठनी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी गळ बघू लागलो. शेठनी कापसाचा बोळा करून त्या एका घराच्या दोन्ही तोंडांवर ठेवला आणि वर चिकटपट्टी लावली, रॉकेल आत जाऊ नये म्हणून. मग ब्रश घेतला. काम दोन मिनिटांचं नव्हतं. शेवटच्या घरातला थर निघता निघेना, तेव्हा ते सिंधीत काहीतरी पुटपुटले. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर लालपिवळा चुरा जमला. वर्तमानपत्र आमचंच होतं.

काम झाल्यावर शेठनी चुऱ्याची पुडी बांधली. "ये मैं कचरे में नहीं डालता, साईं. तुम्ही बघा." काकांनी पुडी शर्टाच्या खिशात ठेवली. तिथे जागा करायला वर्नियर काढून पिशवीत टाकावा लागला.

मग चौथी डबी उघडली. काकांनी काडतूस पुसलं. या वेळी घरंही पुसली, एकेक करून, पाचही. वर्नियर पिशवीतून काढून आतलं माप घेतलं, काडतुसाचं घेतलं, पुन्हा आतलं घेतलं. काडतूस सरकवलं. ते आवाज न करता गेलं आणि त्याची कड चरखीला टेकली.

"बसतंय," काका म्हणाले.

शेठ पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. त्यांना ते आता पाठ होतं.

"चालतंय," काका म्हणाले.

शेठनी टाळी वाजवली. एअरगन बघायला आलेल्या एका गिऱ्हाईकानेही काही न कळून वाजवली. काकांनी पाच काडतुसं घेतली. शेठनी सहावं पुढे केलं, "रख लो, राखून ठेवा." काकांनी ते परत केलं. कारण दिलं नाही.

नूतनीकरण झालं. कचेरीतल्या साहेबांनी तपासणीचा कागद बघितला, गोळ्या बघितल्या आणि विचारलं, "घेताय तर खरं, पण चालवणार का कधी?" काका म्हणाले, "बंब एकच आहे." साहेबांना संदर्भ माहीत नव्हता. त्यांनी सही केली.

यंदा निवडणुकीची आचारसंहिता लागली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका लुगड्याची पिशवी घेऊन पोलीस ठाण्यात हजर होते. हवालदार जुनाच होता. "या, काका. पाहुणे आले का?" त्याने रिव्हॉल्व्हर उघडलं, वेगळ्या पुडीतली काडतुसं मोजली. "अरे वा, आता गोळ्यापण! पाच. सहा घरं आहेत ना? सहावं?"

"ते रिकामं नाही," काका म्हणाले.

हवालदाराने रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं, नळी भिंतीकडे केली आणि खुर्ची मागे सरकवली. "काका, सकाळी सकाळी चेष्टा नको. भरलेलं आणलंत का?"

"बघा."

हवालदाराने मोबाइलचा उजेड लावून लांबूनच बघितलं, मग जवळून. करंगळी पुढे केली. काकांनी त्याचा हात धरला. हवालदाराने करंगळी मागे घेतली आणि पावतीपुस्तक ओढलं. 'जुने रिव्हॉल्व्हर एक, काडतुसे पाच, एका घरात कुंकू,' असं त्याने लिहिलं.

काकांनी पावती वाचली. 'कुंकू'च्या आधी 'हळद' हा शब्द वाढवून घेतला आणि सही केली.